वणवा लागण्याआधी

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या राज्यातला वणव्यांचा हंगाम. जाळरेषा कापून-जाळून झाल्या, ब्लोअर दुरुस्त करून घेतले, हंगामी फायर वॉचर नेमले, की तयारी झाली असे आपण धरून चालतो. आमच्या मते तयारीतले सर्वांत मोलाचे काम यानंतर सुरू होते आणि ते मोहाच्या झाडाखाली असते.

विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात आग आपोआप लागत नाही, बहुतेक वेळा ती लावलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले रात्रभर, पहाटेपर्यंत गळतात. वाळल्या पानांच्या थरात ती दिसत नाहीत, म्हणून बुंध्याभोवतीचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी केली जाते. ज्वाळा बसल्या की माणूस टोपली उचलून निघतो. एखाद्या पडलेल्या ओंडक्यात मात्र निखारा धुमसत राहतो. दुपारी वारा सुटला की तोच सागाच्या पाचोळ्याला लागतो आणि संध्याकाळपर्यंत कक्षच्या कक्ष काळा पडतो. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग हे दुसरे मोठे कारण.

झाडे उभी दिसतात, म्हणून ‘फक्त पाचोळा जळाला’ अशी नोंद होते. पण रातवा घरटे बांधत नाही, तो जमिनीवरच अंडी घालतो, आणि त्याच्या विणीचा काळ याच हंगामात येतो. तितर-लाव्यांची अंडीही जमिनीवरच असतात. कासवाला पळता येत नाही. गवत जळाले की चितळ शेताकडे वळतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या गावाशी येतो. मोहाची रोपेही दरवर्षी याच आगीत जातात. फुले वेचणाऱ्या कुटुंबाला हे नुकसान झाडाखाली उभे राहून दाखवावे, ते त्याला लगेच पटते.

भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रह-संदेश उपयोगी आहेतच, पण संदेश येतो तेव्हा आग लागलेली असते. त्यापुढे माणसे धावतात. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना हंगामी वनमजुरांचे जीव गेले. त्यांच्यासारख्यांना वेळेवर मजुरी, बूट, पाणी आणि विमा मिळवून देणे हे अधिकाऱ्यांचे पहिले कर्तव्य आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बीटमध्ये ज्यांची फुले वेचली जातात अशा मोहाच्या झाडांची यादी करावी. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावाला ठाऊक असते. फुले पडू लागण्याआधी वनरक्षक आणि ते कुटुंब यांनी मिळून बुंध्याभोवतीची जागा झाडून काढावी. ब्लोअर असेल तर सकाळी दोन तास गावाला द्यावा. जुन्या साड्या किंवा जाळी खाली अंथरली तर फुलेही स्वच्छ मिळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. ज्या ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात, त्यांनी ठेकेदाराशी करार करताना आग न लावता बेटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, करण्याची अट घालावी. वनक्षेत्रपालांनी त्यांच्याशी आताच बसून बोलावे.

जूनमधल्या अहवालात किती आगी विझवल्या हा आकडा असतोच. यंदा त्याच्या वर आणखी एक रकाना ठेवा: किती मोहांखालचा पाचोळा न जाळता काढला. तो आकडा वाढला, तर खालचा कमी होईल.