चढणीचे बूट उतरणीवर पारखावे

महाभारताच्या अनुशासनपर्वात पादत्राणांच्या उत्पत्तीची एक कथा आहे. ज्येष्ठातील भर दुपारी जमदग्नी बाण सोडीत होते आणि रेणुका ते वेचून आणीत होती. तापलेल्या भूमीने तिचे पाय पोळले, मस्तक तापले, म्हणून ती क्षणभर वृक्षच्छायेत थांबली. विलंबाचे कारण कळताच मुनी सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले. तेव्हा सूर्याने शरण येऊन छत्र आणि चर्माच्या वहाणा दिल्या. चाळीस वर्षे वर्गात ही कथा सांगताना आम्ही जमदग्नींच्या कोपावरच भर देत आलो. बाण सोडणारे एका जागी उभे होते आणि चालणे रेणुकेच्या वाट्याला आले होते, हे आम्हांस शिकविले ते आमच्या एका नातीने.

ही आमच्या भाचीची कन्या. वनरक्षकाच्या भरतीत स्त्रियांस चार तासांत १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. तीत ती उत्तीर्ण झाली आणि तिची नेमणूक मेळघाटात झाली. घरात आनंद झाला, आणि चिंताही शिरली. आमच्या वडील भगिनी म्हणाल्या, "पोरीने पायांत ते जड खेटर घालून रानात हिंडायचे म्हणजे काय!" आम्ही त्यांना चरकसंहितेचा दाखला दिला. तेथे पादत्रधारण हे नेत्रांस हितकर, पायांचे रक्षण करणारे व बल देणारे म्हटले आहे. भगिनी निरुत्तर झाल्या. शास्त्रार्थ जिंकल्याच्या भरात आम्ही सांगून टाकले, "बुटांची जबाबदारी आमची."

आमच्या या आत्मविश्वासाचे मूळ आमच्या मामांत होते. त्यांना तरुणपणी सातपुड्यात शिकारीचा नाद होता. त्यांचे बूट जाड कातड्याचे, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. मातीवर ते घट्ट रुतत; परंतु खडकावर आवाज करीत, आणि गुळगुळीत काळ्या पाषाणावर घसरतही. म्हणून सांबराच्या मागावर कड्याजवळ आले की मामा ते उतरवून रबरी तळाचे कापडी जोडे घालीत. "जनावराला बूट ऐकू येऊ नये, आणि दगड आपल्या पायाला लागू नये," असे ते म्हणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पण त्या वाटा राहिल्या. आता त्यांवरून वनरक्षक गस्त घालतात, आणि वाघांच्या गणनेच्या वेळी खाणाखुणा शोधीत पायी फिरतात. हातात बंदूक नाही एवढाच भेद. पायाखालचा दगड तोच.

आणि तो दगड सोपा नाही. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. गाविलगडच्या डोंगरांतील वैराटचे शिखर ११७८ मीटर उंच आहे, आणि सिपना, खापरा, गडगा यांसारख्या नद्यांनी ते डोंगर खोल चिरले आहेत. चढण संपते न संपते तोच उतार लागतो. उतारावर सुटे दगड, वर वाळलेला पाला, आणि पावसाळ्यात शेवाळ.

असे असता आम्ही काय केले? सकाळच्या प्रहरी दुकानात गेलो, मुलीला खुर्चीवर बसविले आणि सर्वांत जाड, जड व महाग जोड पसंत केला. ती हळूच म्हणाली, "आजोबा, अंगठा जरा टेकतो." आम्ही उत्तरलो, "कातडे आहे, वापरून सैल होईल."

दिवाळीला ती घरी आली ती लंगडत. दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती. एक तर गळूनच पडले होते. तिने सांगितले की एके संध्याकाळी उतारावर पाऊल टाकणेच अशक्य झाले, तेव्हा बूट गळ्यात अडकवून, नुसत्या मोज्यांनी, बसत घसरत ती खाली आली. अंधार पडत होता आणि सोबतीण हात धरून होती. हे सांगताना तिने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळेच तो अधिक लागला.

चूक कोठे झाली याचा आम्ही मग नीट विचार केला. चढताना शरीराचा भार टाचेकडे असतो. बूट किंचित आखूड असला तरी ते कळत नाही. उतरताना मात्र सगळा भार पाऊल पुढे लोटतो आणि प्रत्येक पावलास अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो. म्हणजे डोंगराच्या बुटाची खरी परीक्षा उतरणीवर होते, आणि आम्ही ती बसलेल्या पायावर घेतली होती!

दुसरा जोड घेताना आम्ही शिष्य झालो. खरेदी सायंकाळी केली. कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. रानात घालावयाचेच मोजे बरोबर नेले. तेही सुती नव्हेत, लोकरमिश्रित, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड येतात. दोन्ही पावले मोजून मोठ्या पावलाचे माप धरले. नाड्या सोडून पाऊल पुढे सारले असता टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. नाड्या आवळल्यावर टाच उचलता कामा नये. मग नातीला दुकानाच्या जिन्यावरून दहा वेळा उतरविले. दुकानदार हसला, हसू दिले.

तळाविषयी एक इतिहास सांगण्याजोगा आहे. १९३५ मध्ये आल्प्स पर्वतातील पुंता रासिका शिखरावर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती वादळात मृत्युमुखी पडले. त्यांची पादत्राणे त्या हवेस अपुरी होती. त्या दुःखातून त्याने १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ सिद्ध केला. १९५४ साली के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत तोच तळ होता. आज बाजारात दिसणारे खाचांचे तळ याच वंशातले. खाचा खोल आणि विरळ असाव्यात, म्हणजे चिखल अडकून बसत नाही. बूट हातांनी पिळून पाहावा. तिरप्या खडकावर कडेने उभे राहावे लागते, तेथे फडक्यासारखा पिळणारा तळ दगा देतो. ओल्या शेवाळावर मात्र कोणत्याच तळाचा भरवसा धरू नये.

जडपणाचा मोहही आमचा सुटला. पायांतले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार-पाच पट श्रम देते, असे प्रयोगांती आढळले आहे. पाणी न शिरणाऱ्या अस्तराचेही तसेच: ओढ्यात पाणी वरून शिरले की ते आतच राहते. आपल्या उष्ण देशात लवकर वाळणारा बूट बरा. घोटा झाकलेला असावा, टोकाला रबराची पट्टी असावी. भिजलेला बूट चुलीजवळ ठेवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावा. सकाळी घालण्यापूर्वी झटकावा, विंचू असतो. आणि माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेला जोड नवा दिसला तरी प्रवासास नेऊ नये. पुष्कळ बुटांच्या तळातील कृत्रिम थर दमट हवेने आपोआप कुजतो आणि भर वाटेत तळ सुटून येतो.

नवा जोड तिने आठवडाभर घरात वापरला. नंतर आम्ही दोघे लोणारला गेलो. अग्निजन्य काळ्या खडकात उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आम्हां रिसोडकरांस जवळचे. आमच्या सपाट मुलखास अशी उतरण दुसरी नाही. काठावर तिने घोट्याजवळच्या नाड्या पुन्हा आवळल्या आणि सरोवराच्या वाटेने खाली उतरली. आम्ही वरच थांबलो. अर्ध्या वाटेवरून तिने हात हलविला.

गेल्या महिन्यात तिचा दूरध्वनी आला. दिवसभराची गस्त झाली होती. आम्ही बुटांची चौकशी केली. ती म्हणाली, "आजोबा, खरे सांगू? आज बुटांची आठवणच झाली नाही."

ज्यांच्या घरची मुले डोंगरात जातात त्या वाचकांस आमची एवढीच विनंती: दाम तुम्ही द्या, सल्लाही द्या, परंतु "अंगठा टेकतो" असे मूल म्हणाले, तर त्याचे ऐका.