पेपर परत येतो तो इंग्रजीमुळे?

संपादक महोदय,



पर्यटनशास्त्राच्या आपल्या विद्यार्थ्यांचे पेपर आंतरराष्ट्रीय जर्नलांकडून परत का येतात, यावर एका प्राध्यापकांचे पत्र आपण गेल्या अंकात छापले. जर्नले गोऱ्यांची, भाषा त्यांची, मग आपल्या पोरांना आठ दिवसांत नकाराचा मेल येणारच. तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःचे जर्नल काढावे, असा त्यांचा सूर आहे. आंतरराष्ट्रीय जर्नलांसाठी परीक्षक म्हणून मी हस्तलिखिते वाचत आलो आहे. त्यावरून सांगतो, निदान चुकले आहे आणि औषध त्याहून वाईट आहे.

आठ दिवसांत नकार येतो याचा अर्थ पेपर परीक्षकांपर्यंत पोचलाच नाही. संपादकाने शीर्षक, सारांश, प्रस्तावना आणि संदर्भसूची चाळली आणि तिथूनच तो परत पाठवला. हेच ते ‘डेस्क रिजेक्शन’. आता त्याच्या टेबलावर काय येते ते पाहा. शीर्षक : ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पर्यटन : समस्या आणि संधी’. सुरुवातीला दोन पाने पर्यटनाच्या व्याख्या. मग जिल्ह्याचे अक्षांश-रेखांश, पर्जन्यमान, तालुक्यांची यादी. मग नाताळच्या सुट्टीत तारकर्लीच्या किनाऱ्यावर भरून घेतलेल्या दीडशे प्रश्नावल्या, त्यांची टक्केवारी, टक्केवारीचे रंगीत आलेख. निष्कर्ष : रस्ते सुधारावेत, स्वच्छतागृहे बांधावीत, शासनाने लक्ष घालावे. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण पोर्तुगालच्या किंवा व्हिएतनामच्या किनाऱ्यावर अभ्यास करणाऱ्याला यातून नवे काय कळले? हा अहवाल आहे, जिल्हा परिषदेला जरूर द्यावा. पेपरला प्रश्न लागतो, आणि तो इथे कुणी विचारलेलाच नाही. अस्खलित इंग्रजीत लिहिला असता तरी तो परतच आला असता.

तोच किनारा वेगळ्या नजरेने पाहता येतो. रिचर्ड बटलर यांनी १९८० साली मांडलेले पर्यटनस्थळाचे जीवनचक्र आपण वर्गात शिकवतो, मुले टप्पे पाठ करतात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण जिथे दर पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जलक्रीडा बंद होतात आणि खोल्या रिकाम्या पडतात, तिथे बटलर यांच्या जीवनचक्राची वक्ररेषा तशीच चढते का? निवास-न्याहारी चालवणाऱ्या घरात खपायचे काम बहुतेक बाईचे. मग वरचा मजला चढवायचा की मासेमारीसाठी नवे जाळे घ्यायचे, हे ठरताना तिचा शब्द चालतो का? असे प्रश्न मालवणात वाढलेल्या मुलीला सहज सुचतात. तिचे गाईड मात्र तिला आधी व्याख्यांची दोन पाने लिहायला लावतात.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वास्तुरचनेचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता ‘जागतिक वारसा आणि पर्यटनाच्या संधी’ या नावाच्या पेपरांचा पूर येईल. खरी संधी संशोधकांचीच आहे आणि ती फार काळ टिकणार नाही. राजगडाच्या, साल्हेरच्या पायथ्याच्या गावांत आज किती घरे गडावर येणाऱ्यांच्या जेवणावर चालतात, जमिनीचे भाव काय आहेत, गावकऱ्यांना गर्दी हवीशी वाटते की नकोशी, हे आत्ताच नोंदवले तर दहा वर्षांनी तुलना होऊ शकेल. तेव्हा मागे वळून प्रश्नावली भरून घेता येत नाही. असा आधारभूत अभ्यास कोणतेही चांगले जर्नल निदान परीक्षकांकडे तरी पाठवील.

‘गोऱ्यांची जर्नले’ हे म्हणणेही अर्धवट माहितीवर उभे आहे. ‘ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ १९७३ मध्ये ज्यांनी सुरू केले ते जाफर जाफरी जन्माने इराणी. ‘टुरिझम रिक्रिएशन रिसर्च’ तर १९७६ मध्ये लखनौहून निघाले, तेजवीर सिंह यांनी काढले. आज ते आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेकडून निघते. आणि इरावती कर्वे? वारीवरचा त्यांचा मराठी लेख पुढे इंग्रजीतून १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला. तीर्थयात्रेचा सिद्धान्त मांडताना व्हिक्टर टर्नर यांनी पंढरपूरसाठी त्याचा आधार घेतला. एकाच विठ्ठलाच्या वाटेवर चालणाऱ्या दिंड्या जातीनुसार वेगळ्या का जेवतात, हा बाईंना सलणारा प्रश्न होता. वारकऱ्यांची संख्या मोजून त्या थांबल्या नाहीत.

पक्षपात मुळीच नाही असे मी म्हणत नाही. पर्यटनाचे बरेच सिद्धान्त युरोप-अमेरिकेतल्या सुट्टीवर बेतलेले आहेत आणि भारतातल्या पेपरला ‘हे फक्त तिथलेच’ असा शेरा लवकर मिळतो. ओपन ॲक्सेसचे शुल्क हजारो डॉलरांत जाते, हीही खरी अडचण. पण वर्गणीवर चालणाऱ्या मान्यवर जर्नलांत लेखकाला सहसा एक पैसा द्यावा लागत नाही, हे कित्येक विद्यार्थ्यांना कुणी सांगितलेलेच नसते. म्हणूनच ‘पंधरा दिवसांत प्रकाशनाची हमी’ देणारे व्हॉट्सॲपवरचे दलाल पोसले जातात. भाषेचे म्हणाल, तर इंग्रजी घासूनपुसून देणारी एआय साधने आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत. वापर जाहीर केला तर मोठे प्रकाशक भाषेपुरती ती चालवूनही घेतात. अडचण इंग्रजीची असती तर ती इथे संपायला हवी होती. माझ्याकडे येणारी हस्तलिखिते आता व्याकरणात निर्दोष असतात आणि आशयात तितकीच पोकळ.

घरोघरी जर्नल काढण्याचा प्रयोग आपण करून बसलो आहोत. २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ जर्नले काढावी लागली. त्यानंतर आलेली केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली आणि चांगले-वाईट ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. शिवाय प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आणण्याची यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमावलीतच गेली. मग घाई कुणाला आहे? बढतीच्या फायलीला. त्या फायलीसाठी विद्यार्थ्याच्या पेपरवर गाईडचे नाव पहिले लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कुणी पत्र लिहीत नाही.

महाविद्यालयांनी करायचे ते वेगळेच आहे. सध्या पेपर पाठवण्यापूर्वी आपल्याकडे एकच तपासणी होते : इतरांच्या लेखनाशी साम्यांश दहा टक्क्यांच्या आत आहे ना. दहा टक्के ही यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली दंड न होण्याची मर्यादा. आपण तिलाच गुणवत्ता समजून बसलो. त्याऐवजी जर्नल आधी निवडायला लावा आणि त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक वाचायला लावा. सरकारी संस्थांपुरते तरी ‘अंक मिळत नाहीत’ हे कारण आता चालणार नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत आणि जवळपास १३,००० जर्नले खुली होत आहेत. खासगी महाविद्यालये त्यात नाहीत, हा अन्याय आहे आणि त्याबद्दल ओरड करायला मी त्या प्राध्यापकांच्या बरोबर उभा राहीन.

प्रबंधाचे प्रकरण कापून पेपर होत नाही, तो नव्याने लिहावा लागतो. लेखकाचे नाव वेगळ्या पानावर द्यायचे असते. मजकुरात ‘आमच्या महाविद्यालयाने केलेल्या मागील पाहणीत’ असे लिहिले की गुप्त परीक्षणाचा अर्थच संपला. मुलाखती दिलेल्या लोकांची संमती आणि नैतिकता समितीची मान्यता जर्नले विचारतात. आपल्या कला-वाणिज्य महाविद्यालयांत अशी समिती बहुधा नसते, आणि काम झाल्यावर मागील तारखेचे पत्र मागत विद्यार्थी फिरतो. समिती नेमायला प्राचार्यांची सही पुरते.

सर्वांत वाईट वाटते ते ‘मोठे बदल सुचवले आहेत’ या उत्तराला नकार समजून पेपर गुंडाळणाऱ्यांचे. चांगल्या जर्नलात पहिल्या फेरीत याहून बरे उत्तर क्वचितच मिळते. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्यायचे, जिथे पटत नाही तिथे कारण देऊन नाही म्हणायचे. हे कसे करायचे ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. विभागात आलेली नकाराची आणि सुधारणेची पत्रे नावे झाकून एका फायलीत ठेवावीत, सोबत दिलेली उत्तरेही ठेवावीत आणि पेपर लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला ती फाईल आधी वाचायला द्यावी. याला निधी लागत नाही, विद्यापीठाची परवानगीही लागत नाही. येत्या सत्रापासून सुरू करता येईल.

आपला,
पर्यटनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा