बाकडं चालतं, भाडेकरू चालत नाही

युरोपातल्या समकालीन वास्तुकलेचा सर्वांत मानाचा पुरस्कार युरोपियन युनियन मीस व्हॅन डर रोह यांच्या नावाने देतं. साधारण दर दोन वर्षांनी, रक्कम ६०,००० युरो. १९८८ साली पहिला पुरस्कार पोर्तुगालमधल्या एका बँकेच्या इमारतीला मिळाला. पुढे विमानतळ, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, ग्रंथालय, वकिलात, संग्रहालयं, ऑपेरा, संगीत सभागृहं. २०१५ पर्यंतचे चौदा मुख्य विजेते मी ओळीने पाहिले. सामान्य माणसांच्या राहण्याची वसाहत त्यात एकही नाही. गाणं ऐकून, गाडी पकडून माणूस रात्री कुठे जातो, याची परीक्षकांना सत्तावीस वर्षं फिकीर नव्हती.

२०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या क्लाइबुर्ग या पाचशे घरांच्या अजस्र इमारतीला पुरस्कार मिळाला. ती पाडायची ठरली होती, एका युरोला विकून वाचवली. घरं आतून अपुरी ठेवून विकली आणि ज्याने त्याने आपापल्या पैशाने पुरी केली. इमारत वाचली हे चांगलंच, पण ती भाडेकरूंची राहिली नाही.

खरं काम २०१९ चं. बोर्दो शहरातल्या ग्राँ पार्क वस्तीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं, सगळी सरकारी भाड्याची. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने अशी दोन लाख घरं पाडायचं लक्ष्य ठेवलं होतं. लाकातों, वासाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं केलं. भिंतीबाहेर नवा सांगाडा उभारून प्रत्येक घराला जवळपास चार मीटर खोल काचेची गॅलरी जोडली. काम चालू असताना कुणालाही घर सोडावं लागलं नाही, भाडंही वाढलं नाही. आपल्याकडे पुनर्विकास म्हटलं की आधी घर रिकामं करा, संक्रमण शिबिरात जा आणि वाट पाहा. त्यामुळे हे वाचताना मला हेवा वाटला, लपवत नाही.

पण याच पुरस्काराचा आणखी एक किस्सा आहे, आणि माझा राग त्यावर आहे. २०१३ च्या अंतिम पाचांत कोपनहेगनच्या नोरब्रो भागातलं सुपरकीलन हे सार्वजनिक मैदान होतं. तिथे राहणारे लोक ज्या देशांतून आले, तशा साठेक देशांच्या वस्तू त्यात मांडल्या आहेत. मोरोक्कोचं कारंजं, इराकचे झोपाळे, पॅलेस्टाइनची मातीसुद्धा. जगभर फोटो छापून आले. २०१६ मध्ये आगाखान पुरस्कारही मिळाला.

या मैदानाला लागूनच म्यॉल्नरपार्कन ही भाड्याच्या घरांची वस्ती आहे. २०१८ च्या डॅनिश कायद्याने तिच्यासारख्या वस्त्यांना 'घेट्टो' ठरवलं. निकष काय, तर उत्पन्न, शिक्षण वगैरे आहेतच, पण निर्णायक अट अशी की निम्म्याहून जास्त रहिवासी 'बिगर-पाश्चात्त्य' वंशाचे असावेत. जर्मन किंवा स्वीडिश कुटुंब कितीही गरीब असलं तरी या मोजणीत येत नाही, पण कोपनहेगनमध्येच जन्मलेली मोरोक्कन आईबापांची मुलगी येते. वस्तीच्या चारपैकी दोन इमारती विकायचं ठरलं, भाडेकरूंना बाहेर काढणं सुरू झालं, ते कोर्टात गेले. म्हणजे मोरोक्कोचं कारंजं शहराची शोभा, आणि ते पाहून ज्याला आपलं गाव आठवतं तो माणूस शहराची अडचण. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हा हिशेब नवा नाही.

यावर वास्तुविशारद मित्र म्हणतात, पुरस्कार रचनेला असतो, सरकारच्या धोरणाला नव्हे. मला हे पटत नाही. सुपरकीलनचं सगळं कौतुकच तिथल्या माणसांच्या नावावर झालं. ती माणसं कागदावरून खोडली जात असताना रचना मात्र निर्मळ राहते, असं कसं? आणि बोर्दोला पुरस्कार देताना 'रहिवासी जागचे हलले नाहीत' हीच मोठी गोष्ट मानली गेली होती. तेव्हा हा निकष पुरस्काराला ठाऊक नाही असं नाही. त्यानंतर २०२२ आणि २०२४ ला मात्र विजेत्या पुन्हा विद्यापीठांच्या इमारती. एक लंडनची, एक जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. सुंदर आहेत, वाद नाही.

परीक्षक अंतिम फेरीतल्या वास्तू प्रत्यक्ष जाऊन पाहतात. तिथे त्यांनी एक कागद मागावा: काम सुरू होण्याआधी इथे आणि शेजारी कोण राहत होतं, आणि आज त्यांच्यापैकी कितीजण तिथेच आहेत. निकाल जाहीर करताना तो आकडा छायाचित्राखाली छापावा. आणि पाच वर्षांनी पुन्हा जाऊन तो परत मोजावा.