भूगोल घेताय? फील्डवर्क विचारून घ्या

दहावीचा निकाल लागला की घरोघरी जी चर्चा रंगते, तिच्यात भूगोलाचं नाव बहुधा शेवटी निघतं. सायन्सला मार्क कमी पडले, कॉमर्सची आवड नाही, मग आर्ट्स. आणि तिथं जे विषय उरतात त्यांत भूगोल. शाळेत या विषयाची लेखी परीक्षा चाळीस गुणांची. आदल्या रात्री नकाशे भरायचा सराव केला की झालं, असाच मुलांचा अनुभव.

पर्यावरण या विषयाची स्थिती आणखी वाईट. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. पुढे यूजीसीने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आणला आणि पुण्याच्या इरॅक भरुचा यांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. नदी, टेकडी, कचरा डेपो यांपैकी काहीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहावं, यासाठी त्यात वेगळे तास राखले होते. कित्येक महाविद्यालयांत त्यातून उरली ती फक्त वर्षअखेरीस जमा करायची प्रोजेक्टची वही, तीही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली. जो विषय असा उरकला जातो, त्यात पदवी घ्यावी असं कुणाला कशाला वाटेल?

पण महाराष्ट्राला भूगोलाची गरज आहे आणि ती तातडीची आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यात एसटी घेऊन आलेल्या चालकाला माळीण गाव दिसलंच नाही. डोंगर खाली आला होता. त्याखाली दीडशेहून अधिक माणसं गेली. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातलं तळीये गेलं. जुलै 2023 मध्ये खालापूरची इर्शाळवाडी गेली आणि दरडप्रवण गावांच्या यादीत ती नव्हतीच, असं सरकारने त्यानंतर सांगितलं. ही यादी कोण करतं, कशी करतं आणि तिच्यातून वाडी सुटते कशी, या प्रश्नांना भिडणारी माणसं पुरेशी नाहीत. भूगोलाच्या पदवीचं मोल इथून मोजायला हवं.

या पदवीच्या प्रात्यक्षिकात नेमकं काय शिकवतात, ते पाहण्यासारखं आहे. टेबलावर सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट असते, एकास पन्नास हजार प्रमाणाची. तिच्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा दर वीस मीटर उंचीला एक अशा काढलेल्या असतात. डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मारायची, तिला कागदाची पट्टी लावायची, रेषा जिथं जिथं छेदते तिथं खूण करून उंची लिहायची आणि मग आलेखाच्या कागदावर त्या उताराचा छेद उतरवायचा. रेषा दाटल्या की उतार उभा, विरळ झाल्या की सपाटी. उभ्या उताराखाली जरा सपाटी दिसली की बऱ्याचदा तिथंच वाडी असते, कारण भातखाचरं आणि घरं बांधायला तेवढीच जागा मिळते. वरच्या कातळावर झिजून तयार झालेला मातीचा थर चार दिवसांच्या सलग पावसात पाणी पिऊन जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो घसरतो. एवढं समजणारा विद्यार्थी वाडीत गेला की घरामागच्या जमिनीतली नवी भेग, तिरका झालेला खांब, अचानक गढूळ झालेला झरा यांचा अर्थ लावू शकतो. मुंबईतल्या कार्यालयात बसून हे होणार नाही.

शहरातही हेच. नदीकाठी फ्लॅट घेणाऱ्या किती जणांनी पूररेषेचा नकाशा पाहिलेला असतो? निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा कुठे या रेषा घराघरांत चर्चेला आल्या. त्या वाचणारी आणि चुकीच्या आखल्या असतील तर पुराव्यानिशी तसं सांगणारी माणसं प्रत्येक महापालिकेत हवीत.

म्हणजे डोळे मिटून प्रवेश घ्यावा का? मुळीच नाही. प्रवेशाच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. जंगलाच्या ओढीने पर्यावरणशास्त्राला जाणाऱ्या अनेकांना भारतीय वनसेवेत जायचं असतं. त्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन अशांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत भूगोल नाही आणि पर्यावरणशास्त्रही नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेत भूवैज्ञानिक व्हायचं तर भूशास्त्र हवं, भूगोल चालत नाही. प्राध्यापकी करायची तर नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे उमेदवार प्रत्येक जिल्ह्यात भेटतील. हे सगळं आधी कळलेलं बरं.

दुसऱ्या बाजूला, नकाशाचं काम करणाऱ्यांसाठी दारं उघडली आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध सैल केले, 2022 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय धोरण आलं. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रहाच्या प्रतिमा कुणालाही पाहता येतात. मालमत्ता कराचं मॅपिंग, पीकविमा, पाणलोटाची कामं, प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल, या सगळ्यांना जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, येणारं माणूस लागतं. नुसतं सॉफ्टवेअर मात्र पुरत नाही. पडद्यावर दिसणारा हिरवा पट्टा ऊस आहे की जंगल, हे त्या बांधावर उभं राहिलेल्यालाच ठामपणे सांगता येतं.

म्हणून भूगोल निवडणाऱ्याने जोडीला संख्याशास्त्र, भूशास्त्र किंवा संगणक घ्यावा. पदवीच्या नव्या रचनेत मेजर-मायनरची सोय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. अकरावी-बारावी सायन्सलाही भूगोल घेता येतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. पर्यावरणशास्त्र निवडणाऱ्याने रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र सोडू नये. आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था, मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) अशी ठिकाणं आत्तापासून नजरेसमोर ठेवावीत.

सरकारकडेही एक मागणी आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठी घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात भूगोल किंवा भूशास्त्राच्या पदवीधराचं कायम पद निर्माण करा. पावसाळ्यापुरता नियंत्रण कक्ष उघडून आणि तिथं कारकून बसवून उतारांवर लक्ष राहत नाही.

पालकांनी आणि मुलांनी प्रवेश अर्ज भरण्याआधी एक काम करावं. महाविद्यालयाच्या भूगोल किंवा पर्यावरण विभागात जावं आणि मागच्या तीन वर्षांत विद्यार्थ्यांनी केलेले फील्डवर्कचे अहवाल पाहायला मागावेत. त्यात मोजमापं असतील, विद्यार्थ्यांनी हाताने काढलेले नकाशे असतील, गावकऱ्यांशी बोलून केलेल्या नोंदी असतील, तर प्रवेश घ्यावा. अहवालच दाखवता आले नाहीत, तर दुसरं महाविद्यालय शोधावं.