माळ्यावरची अडगळ आणि शहराचा पहिला नंबर

इंदूरने २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला क्रमांक राखला. २०२३ चा मान सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, तरी २०२४-२५ च्या 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये आपले शहर पुन्हा अग्रभागी राहिले. या यशात आपल्या घरांचाही वाटा आहे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर येथील मराठी कुटुंबांनी ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय कुरकुर न करता लावून घेतली. त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

परंतु रोजचा कचरा वेगळा आणि अडगळ वेगळी. आपली जुनी घरे आता झपाट्याने रिकामी होत आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. वडीलधारी मंडळी गेली की घर बिल्डरच्या ताब्यात द्यायचे आणि तीन पिढ्यांचे सामान आठ दिवसांत हलवायचे! लोखंड, पितळ, रद्दी कबाडी आनंदाने नेतो. मागे उरतात फाटक्या गाद्या, मोडका सोफा, रंगाचे अर्धे डबे, जळालेल्या ट्यूबलाइट, आजोबांची मुदत संपलेली औषधे, इन्सुलिनच्या सुया आणि पाऱ्याचे रक्तदाबाचे यंत्र. रोजच्या गाडीत हे सगळे मावत नाही. मग ते रात्री रिकाम्या प्लॉटवर किंवा नाल्याकाठी जाते. टाकणारे परके नसतात, आपल्यातलेच असतात.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला आणला गेला, तेव्हा तेथे मोठे आंदोलन झाले आणि इंदूरकरही धास्तावले. पीथमपूर आपल्यापासून अवघे तीसेक किलोमीटर. ती भीती अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या विषाची आपल्याला एवढी धास्ती वाटली, त्याची लहान भावंडे आपल्याच माळ्यावर आहेत. ट्यूबलाइटमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, तापमापीत सुमारे एक ग्रॅम, तर रक्तदाबाच्या जुन्या यंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे आणि आम्ल, जुन्या डबा टीव्हीच्या काचेतही शिसे. नाल्यात टाकलेले नाहीसे होत नाही. नाला आणि नळ एकमेकांच्या किती जवळ असतात, हे डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्याने दाखवले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. आणि उघड्या सुईने ज्याचे बोट फुटते, तो सफाई कामगारही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

नियम अस्पष्ट आहेत असेही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, औषधे, तापमापी, बॅटऱ्या, सुया यांना 'घरगुती घातक कचरा' ठरवले आणि दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उघडून त्याच्या वेळा जाहीर करण्यास पालिकांना सांगितले. त्या हिशेबाने इंदूरला दहाहून अधिक केंद्रे हवीत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. आपली औषधे, बल्ब, तापमापी या चौथ्या भागात येतात.

म्हणून महापालिकेकडे आमची मागणी साधी आहे. घातक कचऱ्याच्या केंद्रांचे पत्ते आणि वेळा, तसेच गाद्या-सोफ्यांसारखे मोठे सामान नेण्याचे वार आणि दर, प्रत्येक झोन कार्यालयाबाहेर ठळक फलकावर लावावेत. '३११' ॲप उत्तम आहे, पण पंच्याहत्तरीतल्या काकूंना फलक आणि फोन नंबर लागतो. जुलै २०२२ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत २०२७ मध्ये संपते. उमेदवार गणपतीच्या मांडवात मराठी मते मागायला येतीलच. तेव्हा हार-नारळ देण्याआधी त्यांना हा फलक कुठे आहे, ते विचारा.

मागणीबरोबर कर्तव्यही आले. सुया जाड झाकणाच्या डब्यात बंद करून, वर चिठ्ठी लावून गाडीवाल्याच्या हाती द्याव्यात. ट्यूबलाइट न फोडता कागदात गुंडाळावी. तापमापी फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, झाडू न वापरता पारा जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावा. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत करावी. वापरण्याजोगे फर्निचर गरजूला द्यावे, मोडके मात्र दान म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये.

मंडळानेही वर्षातून दोनदा, गणेशोत्सवापूर्वी आणि दिवाळीच्या सफाईत, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांच्या घरी चार तरुण पाठवून माळा रिकामा करून द्यावा आणि ते सामान योग्य ठिकाणी पोहोचवावे, असे आम्ही सुचवतो. व्याख्यानमाला आणि नाट्यप्रयोग आपण पिढ्यान्‌पिढ्या नेटाने चालवले; हे काम त्याहून अवघड नाही. या शहराने आपल्या पूर्वजांना घर दिले. ते घर सोडताना त्याचे विष शेजाऱ्याच्या अंगणात टाकू नये, एवढे तरी आपण या शहराचे देणे लागतो.