चीनचा माओ आणि गडचिरोलीची पोरं



तुर्भे स्टोअरच्या एका उपासिकेने आम्हाला विचारले आहे : ‘माओवादी म्हणजे नेमके कोण? मुलगा कॉलेजात जातो. त्याच्या पिशवीत माओचे पुस्तक निघाले. त्याचे वडील म्हणतात, जाळून टाक. तो म्हणतो, गरिबांसाठी बाबासाहेबांनीही हेच सांगितले होते. खरे कोणाचे?’

ताई, पुस्तक जाळू नका. बाबासाहेबांच्या साक्षीने महाडला १९२७ मध्ये एक पुस्तक जाळले गेले, कारण ते माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवीत होते. तीच कसोटी माओच्या कारभाराला लावून पाहू. मुलालाही शेजारी बसवा.

चीनमध्ये १९४९ साली माओच्या कम्युनिस्ट पक्षाचे राज्य आले. तोवर तिथला शेतकरी जमीनदाराच्या आणि सावकाराच्या ओझ्याखाली पिचला होता. मुलींचे पाय लहानपणी बांधून वाकडे करण्याची चाल खेड्यापाड्यात होती. नव्या राज्याने जमिनी वाटल्या, १९५० मध्ये लग्नाचा नवा कायदा करून बाईला घटस्फोटाचा हक्क दिला. हे काम मोठे होते आणि ते मोठे म्हणायला आम्हाला संकोच नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली तिकडे गेले, जपान्यांशी लढणाऱ्या माओच्या सैन्यातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतात.

पण जमीन वाटताना एक गोष्ट घडली. प्रत्येक घराला एक शिक्का मारला गेला : जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी. जमीनदाराची जमीन गेली, वाडा गेला, तो इतरांसारखा कंगाल झाला. शिक्का मात्र गेला नाही. तो बापाकडून मुलाला लागला, मुलाकडून नातवाला. नातवाने आयुष्यात कधी वीतभर जमीन पाहिली नसेल, तरी कागदावर तो जमीनदाराचा. शाळा, नोकरी, लग्न, सगळीकडे आधी तो शिक्का बघायचे. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही. आपण गाव सोडून दिघ्यात, रबाळ्यात, घणसोलीत आलो ते कशाला?

१९६६ मध्ये माओने सांस्कृतिक क्रांती पुकारली. शाळा-कॉलेजांतली पोरे ‘लाल रक्षक’ झाली. जुने ते सगळे मोडायचे असा हुकूम सुटला. बौद्ध विहारांना टाळी लागली, मूर्ती फुटल्या, भिक्खूंना चीवर उतरवायला लावले. विद्यार्थ्यांनी आपल्याच शिक्षकांच्या गळ्यात पाट्या अडकवून त्यांना गावभर फिरवले. कित्येक शिक्षक त्या मारात मेले. आणि शिक्क्याने आपला खरा रंग दाखवला. राजधानी पेकिंगला लागून दाशिंग नावाचा तालुका आहे. तिथे १९६६ च्या ऑगस्टअखेरीस अवघ्या काही दिवसांत ३२५ माणसे ठार झाली. ती सगळी ‘वाईट’ शिक्क्याच्या घरांतली. त्यात ऐंशी वर्षांचे म्हातारे होते आणि ३८ दिवसांचे एक बाळ होते. त्या बाळाने कोणाची जमीन लुबाडली होती?

हा प्रश्न तिथल्याही एका तरुणाने विचारला. यू लुओके त्याचे नाव. हुशार मुलगा, पण आईबापांवर शिक्का असल्यामुळे त्याला विद्यापीठाचे दार बंद. कारखान्यात तो उमेदवारी करीत होता, आपली पोरे एमआयडीसीत करतात तशी. माणसाला त्याच्या घराण्यावरून नव्हे, त्याच्या वागण्यावरून ओळखा, असा लेख त्याने लिहिला. १९६७ च्या जानेवारीत तो विद्यार्थ्यांच्या एका छोट्या पत्रात छापला गेला आणि हातोहात खपला. पुढच्या वर्षी त्याला पकडले. ५ मार्च १९७० रोजी हजारो लोकांसमोर शिक्षा सुनावून त्याला गोळी घातली. वय २७. सरकारने जमीनदारांवरचे हे शिक्के काढायला घेतले ते १९७९ साली, माओ मेल्यावर तीन वर्षांनी. १९८१ मध्ये चीनच्या कम्युनिस्ट पक्षानेच ठराव करून त्या दहा वर्षांनी देशाची अपरिमित हानी झाल्याचे कबूल केले.

त्याआधी १९५८ पासूनच्या तीन-चार वर्षांत ‘मोठी झेप’ म्हणून जे काही केले, त्यातून पडलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे उपाशी मेली. ते वेगळे प्रकरण आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

चीन लांब आहे. पण माओचे नाव आपल्या महाराष्ट्रात पायी चालत आले. १९६७ मध्ये बंगालच्या नक्षलबारी गावात उठाव झाला आणि पुढे तिथल्या पुढाऱ्यांनी चीनचा अध्यक्ष तोच आमचा अध्यक्ष अशी घोषणा दिली. म्हणजे चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती चालू होती, त्याच काळात! पुढे आंध्रात ‘पीपल्स वॉर’ हा गट झाला आणि १९८० मध्ये त्याची छोटी छोटी दलमे नदी ओलांडून सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या जंगलात शिरली. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तेव्हा झालाही नव्हता. तो १९८२ मध्ये झाला.

त्या जंगलात माडिया आणि गोंड आदिवासी राहतात. जंगल त्यांचे, पण मालक झाले जंगलखाते. नाकेदार यायचा, कोंबडी न्यायचा, बकरा न्यायचा, फुकट राबवून घ्यायचा. लाकूड तोडले म्हणून दंड, जनावर चारले म्हणून दंड. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की ठेकेदार यायचा. सत्तर पानांचे एक पुडके, अशी शेकडो पुडकी पहाटेपासून बांधायची आणि हातात काही पैसे पडायचे. हीच पाने पुढे सोलापूरला, सिन्नरला जात आणि तिथे आपल्या आयाबाया त्यांच्या विड्या वळत. पान तोडणारी उपाशी, विडी वळणारी उपाशी, मधला ठेकेदार बंगलेवाला.

दलमवाल्यांनी इथे हात घातला. नाकेदाराला कोंबडी देऊ नका म्हणाले. ठेकेदाराला दम दिला, पुडक्याचा भाव वाढवून घेतला. कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्यांची मजुरी वाढवून घेतली. इतक्या वर्षांत सरकारने जे केले नव्हते ते बंदूकवाल्या पाच-सात पोरांनी दोन-चार हंगामांत करून दाखवले, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवून माओवादावर टीका करणारा माणूस अर्धवट बोलतो. आदिवासी त्यांना ‘दादा’ म्हणू लागले.

मग ठेकेदार आणि दादा यांचे जमले. ठेकेदाराने भाव द्यायचा आणि वर दादांना खंडणी द्यायची. म्हणजे ज्या ठेकेदाराला हटवायचे, त्याच्याच पैशावर बंदुका चालू लागल्या. तो हटला तर खर्च कोण देणार? पुढे रस्ता नको, पूल नको, निवडणूक नको असे फर्मान निघाले. रस्त्याने पोलीस येतो हे खरे. पण अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायची गाडीही त्याच रस्त्याने येते.

सगळ्यात वाईट शब्द ठरला तो ‘खबऱ्या’. गावात कोणी पोलीस ठाण्यात गेला, कोणाचा भाऊ पोलिसात लागला, कोणी सरपंचपदाला उभा राहिला, की संशय. रात्री उठवून न्यायचे, जनअदालत भरवायची, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि शेजारी चिठ्ठी. चीनमधला शिक्का इथे या शब्दाच्या रूपाने आला. आरोप करणारा, निकाल देणारा आणि शिक्षा करणारा एकच. वकील नाही, अपील नाही. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे गडचिरोलीत माओवाद्यांनी मारलेल्या सामान्य नागरिकांचा आकडा पाचशेच्या वर जातो. हे सावकार-जमीनदार नव्हते. बहुतेक आदिवासीच होते, ज्यांच्यासाठी ही लढाई म्हणून सांगितले जात होते.

आणि पोलीस तरी कोण? २००९ या एका वर्षात फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरात लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. मे महिन्यातल्या सोळांत पाच महिला होत्या. पोलिसांचे सी-६० हे खास पथक १९९० मध्ये उभे राहिले, त्यात भरती झाली ती स्थानिक पोरांची. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना गरिबांचीच लेकरे. दलमात गेलेल्या मुलामुलींनाही मरणच आले. २०१८ च्या एप्रिलमध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीत आणि पाठोपाठच्या कारवाईत ४० जण मेले. त्यांत कोवळ्या वयाच्या पोरी होत्या.

आता ताईंच्या मुलाचा मुद्दा. आपल्या समाजातले या वाटेने गेले का? गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूर गावचे मिलिंद तेलतुंबडे चंद्रपूरकडे कोळसा खाणीत नोकरीला होते, कामगार संघटनेत होते. तिथून ते भूमिगत झाले आणि माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत पोचले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीच्या मर्दिनटोला जंगलात पंचवीसहून अधिक साथीदारांसह ते मारले गेले. खाणीतला एक बौद्ध कामगार, संघटना बांधायची हातोटी असलेला. तो चाळीत, वस्तीत, युनियनमध्ये राहिला असता तर काय काय करू शकला असता, याची आम्हाला हळहळ वाटते.

बाबासाहेबांना हा मोह ठाऊक होता. कम्युनिस्टांशी त्यांनी अस्पृश्यता पाळली नाही. १९३८ च्या जानेवारीत खोतीविरुद्ध मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संप झाला; दोन्ही वेळा कम्युनिस्ट त्यांच्याबरोबर होते. पण २० नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, प्रकृती ढासळलेली असताना ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. शोषण संपावे, दुःख संपावे, इथपर्यंत दोघांची वाट एक आहे हे त्यांनी मानले. फरक साधनांचा. मार्क्सवाद्यांचा मार्ग झटपट आहे, पण तो जबरदस्तीने चालतो. ती जबरदस्ती उठली की मागे काय उरेल, असा त्यांचा सवाल होता. माणसाचे मन पालटले तर त्याला आवळून धरायला शिपाई लागत नाही, हा बुद्धाचा मार्ग त्यांनी पुढे ठेवला. चीनमध्ये लाल रक्षक उठायला तेव्हा अजून दहा वर्षे होती!

मुलाला हे सांगताना वडिलांनाही एक सांगायला हवे. माओवादाची भीती घालून आपल्या न्यायाच्या मागण्या दडपायचीही रीत पडली आहे. २००६ मध्ये खैरलांजीनंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा सरकारकडून बोलले गेले की यामागे नक्षलवादी आहेत. भोतमांगे कुटुंबाचे काय झाले हे पाहून पोटात कालवायला नक्षलवादी कशाला लागतो? २०१८ पासून भीमा-कोरेगावच्या प्रकरणात ज्यांना पकडले, त्यातल्या अनेकांना आपल्या नवी मुंबईतल्या तळोजा तुरुंगात ठेवले. खटल्याचा निकाल लागण्याआधीच वर्षे गेली. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी त्या कैदेतच आजारी पडून ५ जुलै २०२१ रोजी वारले. मिलिंद यांचे थोरले भाऊ प्रा. आनंद तेलतुंबडे हे बाबासाहेबांचे नातजावई, जन्मभर लेखणीचे काम केलेले. ते १४ एप्रिल २०२० ला हजर झाले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला जामिनावर तळोजातून बाहेर आले. जयंतीच्या दिवशी आत आणि संविधान दिनी बाहेर. भावाच्या कृत्यावरून भावाला तोलू नये, हे तर यू लुओकेही सांगत होता.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा बडा पुढारी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. हा माणूस चाळीस वर्षांहून अधिक काळ चळवळीत होता.

त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. तिथे अख्खा गाव एकत्र बसतो आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. वेळ लागतो, कधी कधी महिने जातात. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गावाने कायदा वाचला, नकाशे काढले, अर्ज केला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा कागद मिळवला. तरी जंगलखाते बांबू बाहेर न्यायला परवाना देईना. गाव हटले नाही. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आपल्या तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या.

काठमांडूच्या त्या भाषणाची मराठी पुस्तिका ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मिळते. ताई, ती आणून माओच्या पुस्तकाशेजारी ठेवा. मुलाने दोन्ही वाचून काही लिहिले तर आमच्याकडे पाठवावे. याच पानावर छापू.