पातेल्याची पारख

पास्काचा सण आटोपल्यावर घरोघरी आशीर्वाद देत फिरण्याची आमची नित्याची प्रथा आहे. या निमित्ताने खानापूर तालुक्यातील एका खेड्यात गेलो असता एका घराच्या उंबरठ्यावरच आम्हांस दूध करपल्याचा वास आला. दूध कोणाच्या घरी करपत नाही? परंतु त्या वासामागोमाग जे शब्द कानी पडले, ते आम्हांस दुधाहून कडवट वाटले. घरातील वडीलधाऱ्या बाई आमच्यादेखत म्हणाल्या, "फादर, तुम्हांला चहा द्यायची लाज वाटते. सूनबाईंचे लक्ष गॅसवर नसतेच. आठ दिवसांत हे चौथ्यांदा दूध लागले." सून काहीच बोलली नाही. तिने पदराच्या टोकात धरून पातेले उतरविले आणि ती मोरीकडे वळली. तिच्या हातातील त्या दांडीच्या लहान पातेल्यावर तिच्या वडिलांचे नाव व लग्नाची तारीख घातलेली आमच्या दृष्टीस पडली, आणि हे प्रकरण दुधापुरते उरलेले नाही हे आमच्या ध्यानात आले.

आम्ही ते पातेले पाहावयास मागितले. बाईंस याचे नवल वाटले, व ते साहजिकच होते. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकविण्यात आली; भांड्यांविषयी शिकविले ते एवढेच की, मिस्साबलीची पात्रे मौल्यवान धातूची असावीत, आणि धातू गंजणारा किंवा सोन्याहून कमी मोलाचा असेल तर सामान्यतः त्यांस आतून सोन्याचा मुलामा द्यावा. स्वयंपाकघरातील पात्रांची विद्या आम्हांस पुढे एकटे राहण्याचा प्रसंग आल्यावर स्वतःच्या हातांनी, आणि स्वतःच्या करपलेल्या दुधावर, शिकावी लागली. ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. कारण लग्नसराईत आमच्या कितीतरी कुटुंबांत अशी पातेली विकत घेतली जातात, आणि ती वरच्या लकाकीवरून घेतली जातात. ताटवाटीच्या बाहेरच्या अंगाविषयी प्रभूने परूश्यांस काय सुनावले, हे वाचकांस ठाऊकच आहे.

आपल्या आजींच्या काळी घरात तांब्यापितळेची भांडी असत. त्यांस कल्हई लागे. कल्हईवाला दारी येऊन भाता फुंकी, नवसागराचा धूर काढी, आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील भांड्याच्या आतून फिरवून देई. कल्हई गेलेल्या भांड्यात चिंच किंवा आमसूल पडले की जेवण कळकत असे, आणि मनुष्य आजारी पडे. त्या कटकटीतून गृहिणींस सोडविले ते स्टेनलेस स्टीलने. इ. स. १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड या गावी हॅरी ब्रिअर्ली नावाचा गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहत होता. क्रोमियम मिसळलेले पोलाद सहसा गंजत नाही, असे त्यास आढळले. शस्त्रासाठी चाललेल्या खटपटीतून सुऱ्याकाट्यांची आणि पुढे भांड्यांची सोय झाली, ही गोष्ट आम्हांस नेहमी गमतीची वाटते.

या पोलादात क्रोमियम शेकडा साडेदहाच्या वर असावे लागते. हवेशी संयोग पावून त्याचा एक अतिशय पातळ, डोळ्यांस न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो. तोच गंजापासून रक्षण करतो, आणि ओरखडा पडला तरी पुन्हा आपोआप धरतो. भांड्याच्या बुडाशी '१८/८' असे आकडे कधी कोरलेले असतात. त्यांचा अर्थ शेकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल. हे उत्तम पोलाद. परंतु निकेल महाग असल्यामुळे पुष्कळ स्वस्त भांड्यांत त्याचा अंश फार कमी ठेवून मँगनीज घालतात. असे भांडे नवे असताना तितकेच चकाकते. मीठ व आंबट पदार्थ यांच्या नित्य सहवासात मात्र त्यावर बारीक खड्डे व तांबूस डाग लवकर येतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बाजारात पुष्कळजण खिशात लोहचुंबक घेऊन जातात, आणि तो चिकटला नाही की अस्सल माल मिळाला असे मानून घरी परततात. वस्तुस्थिती अशी की, १८/८ पोलादास चुंबक चिकटत नाही हे खरे, परंतु मँगनीजच्या हलक्या पोलादासही तो चिकटत नाही. चुंबक चिकटतो तो बहुधा निकेल नसलेल्या, केवळ क्रोमियमच्या पोलादास. उलट, चांगल्या पातेल्याच्या काठाशी, जेथे पत्रा ताणून वळविलेला असतो तेथे, तो किंचित ओढला गेला तर त्यात खोट नाही. म्हणजे चुंबकाने एक प्रकार वगळता येतो, परंतु दोहोंतील चांगला कोणता हे कळत नाही. ज्यांच्या घरी विजेची इंडक्शन शेगडी आहे त्यांनी मात्र चुंबक अवश्य न्यावा आणि तो पातेल्याच्या बुडाला लावून पाहावा. कारण त्या शेगडीस बुडाशी चुंबक धरणारे भांडेच लागते.

असो. सूनबाईंचे पातेले हातात घेतले तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती त्याचा हलकेपणा. त्याच्या भिंतीवर अंगठ्याने दाबले असता ती आत लवली. नाव घातले होते त्या ठिकाणी आतून बोट फिरविले, तर सुईची टिंबे बोटास लागत होती. दुकानदार पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि येथे भले भले फसतात; कारण गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेजचा पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटरहूनही थोडा कमी असतो; १८ गेजचा सव्वा मिलिमीटरच्या जवळ जातो.

आता पत्रा पातळ असल्याने दूध का लागावे? पोलाद हे उष्णतेचे फार मंद वाहक आहे. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटींहून अधिक व तांबे वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता पसरविते. गॅसची ज्योत बुडाच्या एका कड्यावरच पडते. पातळ पोलादात ती उष्णता बाजूला सरकत नाही. तेवढेच कडे अतिशय तापते, आणि दुधातील साखर व प्रथिने नेमकी तेथे धरून करपतात. कितीही ढवळले तरी हातातील चमचा त्या कड्यावर क्षणोक्षणी कोठवर फिरणार? म्हणून चांगल्या दांडीच्या पातेल्याच्या बुडाशी पोलादाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती बसविलेली असते. तिची कड बाहेरून बोटाने चाचपता येते. बुडास तांब्याचा रंग असणे ही निराळी गोष्ट. आम्ही स्वतः एकदा तांब्याच्या बुडाचे म्हणून एक पातेले मोठ्या हौसेने आणले होते. तीन महिन्यांत राखेने घासून घासून तांबे निघून गेले, कारण ते मुलाम्याइतकेच पातळ होते.

हे सर्व व्याख्यान त्या घरात देण्याची आमची इच्छा नव्हती. आम्ही बाईंस एवढेच म्हटले, "मावशी, यात दोन बोटे पाणी घालून मंद गॅसवर ठेवा पाहू, आणि तुम्हीच जवळ उभ्या राहा." थोड्या वेळाने बुडाशी बुडबुडे उठू लागले. ते सर्वत्र न उठता ज्योतीच्या आकाराचे बरोबर एक वर्तुळ करून उठले. मध्यभागी व कडेला पाणी स्वस्थ होते. नंतर पाणी ओतून मोरीत घासावयास ठेवलेला करपलेला थर त्यांस दाखविला. तोही तसाच कड्यासारखा होता. बाईंनी दोन्हींकडे पाहिले, आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी फळीवरचे आपले जुने, ठोके पडलेले जाड ॲल्युमिनियमचे पातेले काढून सुनेच्या हाती दिले व म्हणाल्या, "चहा यात ठेव." तो चहा आम्ही घेतला. दूध लागले नव्हते.

राहिला प्रश्न माहेरच्या नावाचा. मुलीच्या वडिलांनी ते पातेले बेळगावच्या बाजारातून इतर भांड्यांबरोबर घेतले होते, आणि नाव घातल्यामुळे दुकानदार ते परत घेत नव्हता. एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नात डझनभर भांडी घेताना प्रत्येकाचे बूड कधी चाचपावे? म्हणून आमच्या वाचकांस एवढीच विनंती की, नाव घालण्याचे यंत्र चालू होण्यापूर्वी थोडा वेळ काढावा. सारख्या मापाची दोन पातेली तराजूवर ठेवावीत. जड निघेल ते सहसा बरे. रिकामे पातेले सपाट काचेवर ठेवून काठावर बोटाने दाबावे. ते डुलले तर बूड सपाट नाही. आणि दांडीकडे अवश्य पाहावे. हलक्या पातेल्यास जड दांडी बसविली असेल तर ते रिकामे असताना, किंवा त्यात घोटभरच दूध असताना, दांडीकडे कलते. गॅसच्या लहान जाळीवर हे फार भयंकर. लहान मुलांच्या अंगावर उकळते दूध सांडण्याचे प्रसंग अशाच रीतीने घडतात. दांडी रिव्हेटने घट्ट बसविलेली असावी. केवळ डाग देऊन चिकटविलेली असेल तर ती हलवून पाहावी. पोकळ दांडीच्या टोकास भोक असेल तर धुताना पाणी आत शिरते. पातेल्याचा काठ बाहेरून गुंडाळला असेल व त्यात फट राहिली असेल, तर तेथे दुधाचा अंश साचून वास येतो. एकसंध, गुळगुळीत वळलेला काठ उत्तम.

सरकारी शिक्क्याविषयीही सांगितले पाहिजे. २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने आदेश काढून स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांस आयएसआय चिन्ह सक्तीचे ठरविले, आणि अशा भांड्यांचे भारतीय मानक १४७५६ या क्रमांकाचे आहे. चिन्ह असेल तर पोलादाची काहीएक हमी मिळते. बुडाशी दूध लागेल की नाही, हे मात्र हातानेच पाहावे लागते.

विकत घेतल्यावर जपणूक थोडकीच. थंड पाण्यात मीठ टाकून पातेले तसेच ठेवू नये. खडे बुडाशी बसून पोलादास बारीक खड्डे पाडतात, म्हणून पाणी उकळल्यावर मीठ घालावे. लोखंडी काथ्याने घासू नये. त्याचे कण चिकटून गंजतात आणि दोष बिचाऱ्या भांड्यावर येतो. नारळाची शेंडी पुरे. अधिक तापल्याने इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर भिऊ नये. लिंबाच्या फोडीने ते जातात. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डागही तिनेच जातात.

त्या घरी आम्ही पुन्हा जाऊन आलो. बाईंनी शनिवारच्या बाजारातून जाड बुडाचे एक पातेले स्वतः पारखून आणले आहे. दुकानदाराने कंटाळून तराजू त्यांच्याच पुढे सरकविला असे त्या हसत सांगत होत्या. त्यावर अद्याप कोणाचेच नाव घातलेले नाही. माहेरच्या नावाचे पातेलेही फळीवर आहे. त्यात रोज सकाळी घरधन्याच्या दाढीचे पाणी तापते व कधी मुलासाठी अंडी उकडतात, आणि या दोन्ही कामांस ते अगदी योग्य आहे.